बाटलीवर ५८.४४, पुस्तकात ५८.५ : माल बरोबर आहे ना?

शाळा, कनिष्ठ महाविद्यालये आणि क्लासच्या प्रयोगशाळांसाठी, लातूर

नव्या वर्षाची रसायने पोचली की औसा, निलंगा, उदगीरहून हमखास फोन येतो : "सोडियम क्लोराइडच्या बाटलीवर रेणुवस्तुमान ५८.४४ छापलंय, मुलांच्या वहीत ५८.५ आहे. माल कुठला दिलात?" माल अस्सल आहे, आणि वहीही चुकलेली नाही. वहीत सोडियम २३ आणि क्लोरीन ३५.५ धरलेले असते, बाटलीवर २२.९९ आणि ३५.४५.

मग क्लोरीनला हा अपूर्णांक आला कुठून? निसर्गात क्लोरीनचे दोन समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू, आहेत. एकाचे वस्तुमान ३४.९६९, दुसऱ्याचे ३६.९६६. मुले ३५ आणि ३७ची बेरीज करतात, दोनने भागतात आणि ३६ लिहून मोकळी होतात. चूक नेमकी इथे होते, कारण दोन्ही अणू सारख्या संख्येने नसतात.

दुकानात आलेल्या सरांना हे आम्ही काउंटरवरच करून दाखवतो. मोंढ्यातून आणलेल्या ७५ तुरी आणि २५ हरभरे एका वाटीत घ्या. हिशेबाला सोपे म्हणून तुरीचा दाणा ०.१ ग्रॅम, हरभऱ्याचा ०.२ धरा. शंभर दाण्यांचे वजन १२.५ ग्रॅम, म्हणजे दाण्यामागे ०.१२५. वाटीत ०.१२५ ग्रॅमचा एकही दाणा नाही, तरी सरासरी तीच. ३५.४५ वस्तुमानाचा क्लोरीनचा अणूही कुठेच सापडणार नाही. मुलांना हे एकदा हाताने मोजू द्या, फळ्यावर दहा वेळा सांगून जे बसत नाही ते बसते.

क्लोरीनच्या शंभर अणूंत हलके ७५.७६, जड २४.२४ :

(३४.९६९ × ०.७५७६) + (३६.९६६ × ०.२४२४) = ३५.४५

ही टक्केवारी मास स्पेक्ट्रोमीटर मोजतो. अणूंना विद्युतभार देऊन चुंबकीय क्षेत्रातून सोडले की हलके जास्त वळतात, जड कमी; कुठे किती पोचले ते मोजायचे. केंब्रिजच्या अ‍ॅस्टन यांनी १९१९ साली असे यंत्र उभे केले आणि १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. १९६१ पासून अणूंची सगळी वस्तुमाने कार्बन-१२ या समस्थानिकाचे वस्तुमान बरोबर १२ धरून मोजतात.

सोडियम क्लोराइडचे ०.१ मोलरचे (लिटरमागे रेणुवस्तुमानाच्या दहाव्या भागाइतके ग्रॅम) एक लिटर द्रावण करताना ५.८४४ आणि ५.८५ ग्रॅममध्ये ६ मिलिग्रॅमचा फरक पडतो. दोन दशांश दाखवणाऱ्या काट्यावर तो कळतही नाही. चार दशांशाचा काटा असेल तर लेबलचाच आकडा घ्या.

लिथियमच्या क्षारांची बाटली मात्र नीट वाचा. अणुऊर्जेच्या कामासाठी लिथियम-६ (लिथियमचा हलका समस्थानिक) आधीच काढून घेतलेला माल बाजारात येतो, म्हणून तक्त्यात ६.९४ असले तरी एखाद्या बाटलीतले लिथियम ६.९९च्या आसपास भरू शकते. अशा वेळी त्या बाटलीवर छापलेलाच आकडा धरायचा. लेबल पुसले असेल तर बॅच नंबर फोनवर सांगा, उत्पादकाचे प्रमाणपत्र काढून देतो.