हाडाच्या जाळीचे संगणकीय मॉडेल : नमुना पाठवण्यापूर्वी

डेक्सा तपासणीत (हाडाची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी) टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण व्यक्तीच्या सरासरीशी केलेली तुलना, उणे २.५ किंवा त्याहून खाली आला, की ओस्टिओपोरोसिस (हाडांचा ठिसूळपणा) म्हणतात. पण सारख्या घनतेची दोन हाडे सारख्याच भाराखाली मोडतील असे नाही. खनिज किती आहे याइतकेच ते कसे रचले आहे यालाही महत्त्व असते. ही रचना मोजायची आणि संगणकात तिच्यावर भार देऊन पाहायचा, हे आमचे काम.

खुब्याचा सांधा बदलताना काढलेले मांडीच्या हाडाचे डोके हा या कामासाठी उत्तम नमुना. १८६०च्या दशकात झ्युरिकमध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान फॉन मायर यांनी या हाडाच्या छेदातली बारीक काड्यांची जाळी दाखवली, तेव्हा अभियंता कार्ल कुलमन यांना तिच्यात क्रेनच्या गणितातल्या ताण-दाबाच्या रेषा दिसल्या. भाराप्रमाणे हाड स्वतःची रचना बदलते, हा नियम जर्मन शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी १८९२मध्ये मांडला. आजच्या मॉडेलमागचा विचार तोच आहे, फक्त आता रेषा हाताने काढाव्या लागत नाहीत.

नमुन्याचा मायक्रो-सीटी (अतिसूक्ष्म तपशील दाखवणारा सीटी) स्कॅन होतो. ५ मिमी बाजूचा घन २० मायक्रॉनवर (०.०२ मिमी) स्कॅन केला, तर सुमारे १ कोटी ५६ लाख व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमितीय प्रतिमेतले छोटे घन, होतात. त्यांतले २० टक्के हाडाचे धरले तरी ३१ लाख. यातला प्रत्येक व्हॉक्सेल म्हणजे मॉडेलमधली एक वीट. फायनाइट एलिमेंट पद्धतीने या सगळ्या विटांवरचा भार एकत्र सोडवला, की जाळीची ताठरता कळते आणि ताण कुठे साचतो तेही दिसते.

सगळ्यात जास्त काळजी थ्रेशोल्डची घ्यावी लागते. कोणत्या करड्या छटेपासून पुढे ‘हाड’ धरायचे, हा तो आकडा. जाळीच्या काड्या साधारण ०.१ ते ०.२ मिमी जाड असतात. थ्रेशोल्ड थोडा वर गेला तर बारीक काड्या तुटलेल्या दिसतात, खाली आला तर फुगतात. गोल काडीची वाकण्याला विरोध करणारी ताठरता जाडीच्या चौथ्या घातात बदलते. म्हणजे जाडी १० टक्के जास्त धरली गेली, तर ही ताठरता जवळजवळ दीडपट दिसते! म्हणून एकाच थ्रेशोल्डवरचे उत्तर आम्ही देत नाही. तीन थ्रेशोल्डवरचे निकाल शेजारी शेजारी देतो आणि आम्ही कोणता निवडला, का निवडला, ते लिहितो. अहवालातला हा भाग कृपया आधी वाचावा.

याच कारणाने रुग्णालयातल्या नेहमीच्या सीटी स्कॅनवरून जाळीचे मॉडेल करून देता येत नाही. त्यात काडी आणि मज्जा एकाच व्हॉक्सेलमध्ये मिसळलेल्या असतात.

नमुना सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉझमध्ये गुंडाळून उणे २० अंशांवर गोठवून पाठवावा. वरची बाजू कोणती, ही खूण हवीच. जाळी प्रत्येक दिशेला सारखी मजबूत नसते आणि खूण नसेल तर भार कोणत्या दिशेने द्यायचा हे ठरत नाही. खुणेसाठी पिन किंवा तार वापरू नये, धातूमुळे प्रतिमेत पट्टे येतात. तुकडा हव्या त्या मापापेक्षा मोठा ठेवा. कापलेल्या कडेच्या काड्यांचा आधार गेलेला असतो, म्हणून मॉडेलसाठीचा घन आम्ही मधल्या भागातून घेतो. मानवी नमुन्यासोबत नैतिकता समितीच्या मंजुरीची प्रत लागते. रुग्णाचे नाव नको, सांकेतिक क्रमांक पुरेसा आहे.

याच नमुन्यावर दाबचाचणी झाली असेल तर तिचे आकडे जरूर कळवा. ते नसतील, तर सगळ्या हाडाला १० ते २० गिगापास्कलमधला एकच स्थितिस्थापकता गुणांक (पदार्थाच्या ताठरतेचे माप) धरावा लागतो. मग दोन नमुन्यांची तुलना विश्वासाने करता येते, पण एकट्या नमुन्याच्या आकड्यावर तेवढा भर देऊ नये. हे मॉडेल संशोधनासाठी आहे. त्यावरून कोणाही रुग्णाचे निदान किंवा औषध ठरवू नये.

अहवालासोबत मूळ प्रतिमा, थ्रेशोल्ड केलेली प्रतिमा, मेश (विटांचे मॉडेल) आणि सर्व सेटिंग मिळतात. जाळीची जाडी आणि काड्यांमधले अंतर बोनजे या मोफत सॉफ्टवेअरवर तुम्हाला स्वतः पडताळता येईल. आमच्या आकड्यांशी फरक आढळला, तर जरूर कळवा.