पाडण्यासाठी उडवलेलं विमान

विमान आपटल्यावर माणसं धक्क्याने दगावतात, आणि धक्क्यातून वाचलेल्यांना पुष्कळदा आग गाठते. ही आग नेमकी लागते कुठून, हे पाहायला ‘नासा’च्या आधीच्या ‘नाका’ या संस्थेने १९५० च्या सुमारास ओहायोत लष्कराची जुनी मालवाहू विमानं मुद्दाम आदळवली. १९६४ मध्ये फिनिक्सजवळ डीसी-७ आणि कॉन्स्टेलेशन या मोठ्या प्रवासी विमानांचीही तीच गत झाली.

गाजली मात्र १ डिसेंबर १९८४ ची चाचणी. नासा आणि अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए यांनी चार वर्षं तयारी करून कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर एक जुनं बोइंग ७२० पाडलं. आत माणसांऐवजी पुतळे, आणि वैमानिक फिट्झ्यू फुल्टन जमिनीवरच, टीव्हीच्या पडद्यासमोर.

खरी परीक्षा इंधनाची होती. जेटचं इंधन म्हणजे शुद्ध केलेलं रॉकेलच. टाकी फुटली की त्याचा बारीक फवारा उडतो आणि भडकतो. एफएम-९ हे रसायन मिसळलं तर फवाऱ्याऐवजी जाड थेंब पडतील, असा हिशेब होता. पंख फाडायला वाटेत पोलादी पाती रोवली होती. पण विमान उतरता उतरता डुलू लागलं, डावा पंख आधी टेकला, विमान तिरकं फिरलं आणि एक पातं थेट उजवीकडच्या तीन नंबरच्या इंजिनात घुसलं. आगीचा लोळ उठला. ती पूर्ण विझवायला तासाहून जास्त वेळ गेला. विमान भरलेलं असतं तर ११३ पैकी जेमतेम पाव लोक वाचले असते, असा अंदाज निघाला. रसायनाची सक्ती करण्याचा विचार तिथेच बारगळला.

विमानातल्या जमिनीलगतच्या दिव्यांच्या रांगा आणि सीटच्या गादीवरचं अग्निरोधक आवरण ही याच चाचणीची देणगी, असं सर्रास सांगितलं जातं. तारखा जुळत नाहीत. दोन्ही नियम ऑक्टोबर १९८४ मध्येच निघाले होते. विमानात बसवलेल्या या सोयी खऱ्या आगीत कशा टिकतात, एवढंच इथे पाहायला मिळालं.

धक्क्याचा हिशेब मात्र सावकाश सुटला. गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट धक्का सोसणाऱ्या सीटचा नियम १९८८ मध्ये आला, तोही नव्या रचनेच्या विमानांपुरता. जुन्याच रचनेची विमानं कारखान्यातून नव्याने बाहेर पडत राहिली. त्यांना अमेरिकी प्रवासी सेवेसाठी अशा सीट बंधनकारक व्हायला ऑक्टोबर २००९ उजाडलं.