दहा दिवसांचं निलंबन : अमेरिकेतल्या सरकारी शाळांच्या शिस्तीची पार्श्वभूमी

२३ एप्रिल २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी शाळांमधल्या शिस्तीबाबत एक आदेश काढला. शिक्षा झालेल्या मुलांचे वंशानुसार आकडे पाहायचे आणि केवळ त्या तफावतीवरून शाळेवर भेदभावाचा ठपका ठेवायचा, ही पद्धत थांबवावी, असा त्याचा गाभा होता. जानेवारी २०१४ मध्ये ओबामा प्रशासनाने नेमकी उलटी सूचना दिली होती आणि डिसेंबर २०१८ मध्ये ती मागे घेतली गेली होती. वॉशिंग्टनमधला हा हेलकावा बातम्यांत येतो. मूळ अडचण मात्र फार खाली, वर्गात आहे. मुलाला बाहेर काढायचं की नाही, हे शिक्षक एकट्याने, काही सेकंदांत, ‘उद्धटपणा’ किंवा ‘अवज्ञा’ अशा सैल शब्दांच्या आधारावर ठरवतात. गेल्या ५० वर्षांत कायद्याने या निर्णयानंतरची प्रक्रिया बरीच सुधारली. निर्णयाच्या क्षणाला त्याने फारसा हात लावला नाही.

सुरुवात ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरापासून करावी लागते. १९७१च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथल्या शाळांमध्ये वांशिक तणावातून गोंधळ झाले. सेंट्रल हायस्कूलच्या जेवणघरात मोडतोड झाली आणि ड्वाइट लोपेझ या विद्यार्थ्यासह सुमारे ७५ जणांना त्याच दिवशी निलंबित केलं गेलं. आपण फक्त तिथे हजर होतो, मोडतोडीत आपला हात नव्हता, असं लोपेझचं म्हणणं होतं, पण ते कुणी विचारलंच नाही. राज्याच्या कायद्यानुसार मुख्याध्यापक १० दिवसांपर्यंत निलंबन करू शकत. पालकांना २४ तासांत कळवलं की त्यांचं काम संपलं. शाळेतून कायमचं काढलेल्या मुलाला अपील करता येई, निलंबित मुलाला नाही.

२२ जानेवारी १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला, तो ‘गॉस विरुद्ध लोपेझ’ नावाने ओळखला जातो. सरकारने मोफत शिक्षणाचा हक्क दिला असेल, तर तो थोड्या दिवसांपुरताही बिनचौकशी काढून घेता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. १० दिवसांपर्यंतच्या निलंबनासाठी तीन गोष्टी बंधनकारक झाल्या: आरोप काय आहे ते तोंडी किंवा लेखी सांगणं, मुलाने तो नाकारला तर पुरावा काय आहे ते सांगणं, आणि मुलाला आपली बाजू मांडू देणं. वकील नको, साक्षीदार नकोत, स्वतंत्र सुनावणीची तारीखही नको. मुलाला समोर बसवून पाच मिनिटं ऐकून घेतलं तरी अट पूर्ण होते. मूल इतरांना धोकादायक असेल तर आधी घरी पाठवून नंतर ऐकलं तरी चालतं.

निकालाची ताकद आणि मर्यादा दोन्ही यातच आहेत. ऐकून घेणारा आणि शिक्षा देणारा माणूस एकच, आणि ऐकल्यावर मत बदललंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. अनेक शाळांमध्ये ही सुनावणी पुढे फॉर्मवरची एक खूण होऊन बसली.

दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, ‘इनग्राहम विरुद्ध राइट’ हा निकाल आला आणि चित्र विचित्र झालं. मायामीच्या एका शाळेत १९७० साली १४ वर्षांच्या जेम्स इनग्राहमला मुख्याध्यापकांच्या खोलीत लाकडी फळीचे २० हून जास्त फटके मारले गेले होते. तिथली फळी दोन फुटांपेक्षा थोडी कमी लांब, ३ ते ४ इंच रुंद आणि अर्धा इंच जाड असे. नेहमीची शिक्षा १ ते ५ फटक्यांची. मुलाच्या अंगात रक्त साकळलं आणि तो कित्येक दिवस शाळेत जाऊ शकला नाही. तरीही न्यायालयाने, पुन्हा ५ विरुद्ध ४ मतांनी, ठरवलं की क्रूर शिक्षेवरची घटनात्मक बंदी कैद्यांसाठी आहे, शाळेला ती लागू होत नाही. आणि मारण्यापूर्वी मुलाचं म्हणणं ऐकणंही गरजेचं नाही, कारण अती झालं तर नंतर दावा लावता येतो. म्हणजे एका दिवसाच्या निलंबनाआधी सुनावणी हवी, २० फटक्यांआधी नको. गॉस निकाल लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट इथे विरोधात होते आणि तिथे विरोधात असलेले लुइस पॉवेल यांनी हा निकाल लिहिला. न्यू जर्सीने शाळेतला मार १८६७ मध्येच बंद केला होता, दुसरं राज्य मॅसॅच्युसेट्स, तेही थेट १९७१ मध्ये. अनेक राज्यांनी नंतर बंदी घातली, पण दक्षिणेकडच्या राज्यांमध्ये तो आजही कायदेशीर आहे, आणि याला समर्थन देता येईल असा एकही पुरावा आमच्या पाहण्यात नाही.

अन्यायाचा आकड्यांतला पुरावाही याच काळातला. १९७५ मध्ये चिल्ड्रन्स डिफेन्स फंड या संस्थेने केंद्र सरकारचीच माहिती वापरून दाखवलं की कृष्णवर्णीय मुलांच्या निलंबनाचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या दुप्पट-तिप्पट आहे. शाळांचं वांशिक एकत्रीकरण नुकतंच झालं होतं. मुलं एका इमारतीत आली, पण त्यांच्या वागण्याचा अर्थ लावणारे डोळे तेच राहिले.

१९९०च्या दशकात वारं कडक शिस्तीकडे वळलं. १९८०च्या दशकात अमली पदार्थांविरुद्ध वापरात आलेली ‘झीरो टॉलरन्स’ ही भाषा शाळांमध्ये शिरली. १९९४च्या कायद्याने केंद्राचं अनुदान एका अटीला बांधलं: शाळेत बंदूक आणणाऱ्या मुलाला किमान एक वर्ष काढून टाकायचं. त्या कायद्यात प्रत्येक प्रकरण पाहून शिक्षा कमी करण्याची मुभा होती, हे सहसा विसरलं जातं. राज्यांनी आणि जिल्ह्यांनी मात्र ती मुभा बाजूला ठेवली आणि यादी वाढवत नेली: चाकू, मग खेळण्यातली शस्त्रं, डोकेदुखीच्या गोळ्या, मारामारी, शेवटी अवज्ञासुद्धा. एप्रिल १९९९ मध्ये कोलंबाइन या शाळेत झालेल्या गोळीबारानंतर शाळांमध्ये पोलीस नेमण्यासाठी केंद्राचा पैसा आला. १९७४ मध्ये वर्षाला सुमारे १७ लाख मुलं निलंबित होत होती, २००० सालच्या आसपास हा आकडा ३१ लाखांवर गेला.

एवढं करून शाळा सुरक्षित झाल्या का? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या कार्यगटाने २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासलं आणि तसा पुरावा सापडला नाही असं सांगितलं. ज्या मुलाला एकदा निलंबित केलं, ते पुन्हा निलंबित होण्याचीच शक्यता अधिक दिसली. पण यावर एक रास्त आक्षेप होता: मुळात त्रास देणारी मुलंच निलंबित होतात, मग पुढचं नुकसान निलंबनामुळे झालं असं कसं म्हणायचं?

याचं सर्वांत चांगलं उत्तर नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट-मेक्लेनबर्ग जिल्ह्यातून आलं. तिथे २००२ मध्ये शाळांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या, त्यामुळे एकाच वस्तीतली सारखीच मुलं वेगवेगळ्या माध्यमिक शाळांमध्ये गेली. काही शाळा जास्त निलंबन करणाऱ्या होत्या, काही कमी. संशोधकांनी ही मुलं मोठी होईपर्यंतच्या नोंदी पाहिल्या. कडक शाळेत गेलेल्यांना प्रौढपणी अटक किंवा तुरुंगवास होण्याची शक्यता १५ ते २० टक्क्यांनी अधिक निघाली. मुलं सारखी, फरक शाळेच्या सवयीचा. शिस्तीच्या परिणामाबद्दल बोलताना आम्ही सर्वांत जास्त भरवसा या अभ्यासावर ठेवतो.

आता वर्गातल्या त्या निर्णयाच्या क्षणाकडे. टेक्सासमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सातवीतल्या जवळपास १० लाख मुलांच्या नोंदी होत्या. त्यातली सुमारे ६० टक्के मुलं बारावीपर्यंत एकदा तरी निलंबित झाली किंवा काढली गेली. त्या शिक्षांपैकी राज्याच्या कायद्याने सक्तीच्या केलेल्या शिक्षा फक्त ३ टक्के. उरलेल्या सगळ्या शाळेच्या मर्जीच्या. वांशिक तफावतही तिथेच होती. संशोधक रसेल स्किबा आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हेच दुसऱ्या बाजूने दाखवलं होतं: गोरी मुलं मुख्याध्यापकांकडे जात ती धूम्रपान, तोडफोड, न सांगता निघून जाणं अशा डोळ्यांना दिसणाऱ्या कारणांसाठी; कृष्णवर्णीय मुलं अनादर, जास्त आवाज, रेंगाळणं अशा, बघणाऱ्याच्या मतावर अवलंबून असलेल्या कारणांसाठी. म्हणून नियमावली वाचताना शिक्षा किती दिवसांची यापेक्षा गुन्ह्याची व्याख्या किती नेमकी, हे आधी पाहावं.

अपंग विद्यार्थ्यांच्या बाबतीत कायदा एक पाऊल पुढे गेला. १९८८च्या ‘होनिग विरुद्ध डो’ निकालाने आणि अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यातल्या १९९७च्या दुरुस्तीने असं ठरलं की सलग १० शालेय दिवसांपेक्षा जास्त काळ बाहेर ठेवायचं असेल, तर निर्णयापासून १० शालेय दिवसांत पालकांसह बैठक व्हायला हवी. प्रश्न दोन: हे वागणं अपंगत्वातून थेट आलं आहे का? की शाळेने ठरलेली शैक्षणिक योजना राबवली नाही म्हणून घडलं? एकाचंही उत्तर होय आलं तर मूल आपल्या वर्गात परत जातं. शस्त्र, अमली पदार्थ किंवा गंभीर इजा असेल तर मात्र ४५ शालेय दिवसांपर्यंत दुसरीकडे ठेवता येतं. पळवाट अशी की शाळा पालकांना फोन करते, ‘आज लवकर घेऊन जा’, आणि नोंदच करत नाही. असे अर्धे अर्धे दिवस कुठल्याही मोजणीत येत नाहीत. २०२२ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने ही प्रथाही निलंबनच मानावी लागू शकते असं बजावलं. कायदा असूनही २०१७-१८च्या नोंदीत अपंग मुलं पटावर १३ टक्के आणि निलंबितांमध्ये सुमारे २५ टक्के होती. कृष्णवर्णीय मुलं पटावर १५ टक्के, निलंबितांमध्ये ३८.

हे आकडे वाचतानाही एक चूक सर्रास होते. समजा एका जिल्ह्यात एका गटाचं निलंबन १२ टक्क्यांवरून ६ वर आणि दुसऱ्याचं ४ वरून २ वर आलं. अंतर ८ वरून ४ झालं, पण दोन गटांमधली पट तीनच राहिली, म्हणजे पहिल्याचं प्रमाण दुसऱ्याच्या तिप्पटच. सुधारणेचे समर्थक अंतर दाखवतात, टीकाकार पट दाखवतात, आणि दोघांची आकडेमोड बरोबर असते. दोन्ही आकडे आणि वाया गेलेले दिवस, असं तिन्ही मागितल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

पर्याय म्हणून दोन मार्ग पुढे आले. पीबीआयएस (‘पॉझिटिव्ह बिहेविअरल इंटरव्हेन्शन्स अँड सपोर्ट्स’) या पद्धतीत शाळा ३ ते ५ नियम ठरवते, ते मुलांना धड्यासारखे शिकवते आणि कोणत्या जागी, कोणत्या तासाला तक्रारी येतात याची नोंद ठेवून तिथे बदल करते. दुसरा मार्ग संवादाचा: काय घडलं, कुणाला त्रास झाला, भरपाई कशी करायची, हे संबंधितांनी एकत्र बसून ठरवायचं. पिट्सबर्गमधल्या ४४ शाळांमध्ये रँड संस्थेने हा दुसरा मार्ग दोन वर्षं तपासला. निलंबनाचे दिवस कमी झाले, वातावरण सुधारल्याचं शिक्षकांनी सांगितलं. पण सहावी ते आठवीच्या मुलांचे परीक्षेतले गुण घसरले आणि या वयोगटात निलंबनही घटलं नाही. ही गोष्ट सुधारणावाद्यांनी लपवू नये. निलंबन बंद केलं आणि बदल्यात शिक्षकाला वेळ, प्रशिक्षण, मदतीला माणूस यांपैकी काहीच दिलं नाही, तर त्याची किंमत वर्गातली बाकीची मुलं मोजतात.

कॅलिफोर्नियाने यातून काही शिकलेलं दिसतं. लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ मध्ये ‘जाणूनबुजून अवज्ञा’ या कारणासाठीचं निलंबन थांबवलं. राज्याने २०१४ मध्ये तिसरीपर्यंत, २०१९ मध्ये पाचवीपर्यंत कायमची आणि आठवीपर्यंत मुदतीची बंदी आणली. २०२३च्या कायद्याने सहावी ते बारावीसाठी ती १ जुलै २०२९ पर्यंत लागू केली. शिक्षकाला मात्र मुलाला त्या दिवसापुरतं आणि दुसऱ्या दिवसापुरतं आपल्या वर्गाबाहेर ठेवता येतं. तक्रार वर पाठवली तर पुढे काय केलं, हे प्रशासनाने शिक्षकाला ५ कामकाजाच्या दिवसांत तोंडी किंवा लेखी कळवायचं. या शेवटच्या तरतुदीकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं आहे. तक्रार करणाऱ्या शिक्षकाला उत्तर मिळण्याची हमी याआधीच्या टप्प्यांवर दिलेली नव्हती.