एम.डी. वेगळी, पीएच.डी. वेगळी: पदव्यांची पार्श्वभूमी

आनंदीबाई जोशी मार्च १८८६मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. आपल्याकडे एम.डी. म्हणजे एमबीबीएसनंतरची तीन वर्षे, त्यामुळे त्या पदव्युत्तर शिक्षण घेऊन आल्या असा समज सहज होतो. अमेरिकेत मात्र एम.डी. ही वैद्यकाची पहिलीच पदवी, तेव्हाही आणि आजही. त्या काळी तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिरायला आधी बी.ए. असावे लागत नसे. पदवीसाठी प्रबंध लिहावा लागे. आनंदीबाईंचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. पण तपासली जाई ती वैद्यकी करण्याची तयारी, नवे संशोधन नव्हे.

संशोधनाची डॉक्टरेट ही जर्मनीची देणगी. १८१०मध्ये बर्लिन विद्यापीठ सुरू झाले आणि अध्यापकाने स्वतः शोध घ्यावा, विद्यार्थ्यालाही त्यात ओढावे, ही रीत रुजली. त्याआधी युरोपातल्या विद्यापीठांत धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक या वरच्या शाखा, तर तत्त्वज्ञान खालची. त्याच खालच्या शाखेची पदवी, म्हणजे पीएच.डी. (डॉक्टर ऑफ फिलॉसॉफी), पुढे संशोधनाची ओळख ठरली. येलने १८६१मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या पीएच.डी. दिल्या. १८७६मध्ये जॉन्स हॉपकिन्स तर संशोधन डोळ्यांसमोर ठेवूनच उघडले. याच संस्थेच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८९३पासून प्रवेशाला पदवी सक्तीची केली; अमेरिकी वैद्यकीय शिक्षणाची झडती घेणाऱ्या १९१०च्या फ्लेक्सनर अहवालानंतर प्रवेशाच्या अटी सगळीकडेच कडक होत गेल्या. म्हणजे अमेरिकी एम.डी. पदवीनंतर मिळू लागली, पण राहिली व्यवसायाचीच. अमेरिकी वकिलांनी याच्याच आधारे युक्तिवाद केला: आम्हीही पदवीनंतर तीन वर्षे शिकतो, मग आम्ही ‘बॅचलर’ का? १९६०च्या दशकात तिथल्या बहुतेक विधी महाविद्यालयांनी एलएल.बी.चे नाव बदलून जे.डी. (ज्युरिस डॉक्टर) केले. अभ्यासक्रमात फारसा फरक पडला नाही.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. तिथे वैद्यकाची पहिली पदवी ‘बॅचलर’ आणि एम.डी. नंतर प्रबंधावर मिळणारी. शल्यविशारद तर आजही स्वतःला ‘मिस्टर’ म्हणवतात, कारण त्यांची परंपरा विद्यापीठातून आलेली नाही. पीएच.डी. मात्र तिथे उशिरा आली. ऑक्सफर्डने ती १९१७मध्ये सुरू केली. पूर्वी संशोधनासाठी जर्मनीला जाणारे अमेरिकी विद्यार्थी आपल्याकडे वळावेत, हा त्यामागचा एक हेतू होता. मुंबई विद्यापीठ १८५७मध्ये लंडनच्या धर्तीवर उभे राहिले, म्हणून आपल्याकडे ब्रिटिश पायऱ्या आल्या.

या सगळ्या वाटा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांत एकत्र दिसतात. बॅरिस्टरी १९२२ची, लंडनमधल्या ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेची. ती विद्यापीठाची पदवीच नव्हे, वकिली करण्याचा परवाना. लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. (डॉक्टर ऑफ सायन्स) १९२३ची, रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधावर. आधी तो परत आला, सुधारून पुन्हा द्यावा लागला. कोलंबियाची पीएच.डी. रीतसर हाती आली ती १९२७मध्ये, कारण प्रबंध छापून त्याच्या प्रती सादर करण्याची तिथे अट होती.

आज भारतात एम.डी.लाही प्रबंध असतो, आणि खरा घोळ इथेच होतो. तो परीक्षेच्या सहा महिने आधी द्यायचा, मंजूर झाला की परीक्षेला बसता येते; मात्र पदवी मिळते ती लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेवर. पीएच.डी.त प्रबंध हाच निकाल. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांनुसार किमान तीन आणि कमाल सहा वर्षे, किमान १२ श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) अभ्यासक्रम, मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षक आणि शेवटी मौखिक परीक्षा. प्रबंधाआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही जुनी सक्ती या नियमांनी काढली. विद्यापीठे स्वतःची अट घालू शकतात, म्हणून नोंदणीआधी विद्यापीठाचा अध्यादेश वाचलेला बरा.

२००८मध्ये भारतात आलेली फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) ही पाच वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप अशी व्यावसायिक पदवी. नावात डॉक्टर असले तरी ती पीएच.डी. नव्हे. उलट अमेरिकेत परवाना मिळालेला आपला एमबीबीएस अनेक राज्यांत नावापुढे एम.डी. लावतो, आणि ते तिथल्या रीतीला धरूनच असते. अर्जात ‘डॉक्टरेट’चा रकाना दिसला की तो व्यावसायिक पदवीबद्दल आहे की संशोधनाच्या, हे सूचनापत्रात पाहावे. आपली एम.डी. किंवा एम.एस. ‘पदव्युत्तर’ या रकान्यात भरावी.