न्यूरेंबर्गचा एक दिवस: बाराचे घड्याळ आणि त्याखालची जागा

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये एकच दिवस हाताशी असेल तर वाट ठरलेली आहे. रेल्वे स्टेशनसमोरच्या तटातून आत शिरायचे, लॉरेन्झ चर्चवरून पेग्निट्झ नदीवर यायचे, पूल ओलांडून बाजारचौक गाठायचा आणि तिथून चढ चढून किल्ल्यावर जायचे. न थांबता चालले तर अर्ध्या तासाच्या आत होते. ही वाट मुळात दोन वस्त्यांना जोडणारी आहे. उत्तरेला किल्ल्याच्या पायथ्याशी झेबाल्ड, दक्षिणेला लॉरेन्झ. दोन्हींना स्वतंत्र तट होते, ते चौदाव्या शतकात एक झाले. शेवटचा तट सुमारे ५ किलोमीटरचा, आणि त्यातला बराचसा आजही उभा आहे.

मधला नदीकाठचा भाग सखल आणि पाणथळ होता. तिथेच ज्यूंची वस्ती होती. १३४९ साली जर्मन राजा आणि पुढे पवित्र रोमन सम्राट झालेला चौथा कार्ल याने ही घरे पाडायला नगराला परवानगी दिली. त्या डिसेंबरात किमान ५६२ ज्यूंना मारण्यात आले, वस्ती जमीनदोस्त झाली आणि त्या जागी बाजारचौक आला. सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) जागेवर फ्राउएनकिर्शं हे चर्च उभे राहिले. आत गेल्यावर फरशीतला डेव्हिडचा तारा, म्हणजे ज्यूंचे चिन्ह, आवर्जून पाहावा. बहुतेक लोक बाहेरचे घड्याळ बघून परत फिरतात, त्यामुळे त्यांना इथे काय घडले ते कळतच नाही.

ते घड्याळ १५०९ सालचे. रोज दुपारी बाराला सात निर्वाचक राजपुत्र बसलेल्या सम्राटाभोवती तीन फेऱ्या घालतात. हा सम्राट म्हणजे तोच चौथा कार्ल. त्याने १३५६ साली ‘सुवर्ण फर्मान’ काढले: राजा सात जणांनी निवडायचा आणि नव्या राजाने पहिली सभा न्यूरेंबर्गला भरवायची. बाहुल्या लहान आणि उंचावर आहेत. उन्हाळ्यात त्या वेळी सूर्य चर्चच्या पाठीमागे असतो, म्हणून अगदी खाली उभे राहिल्यास डोळे दिपतात आणि काही दिसत नाही. पावणेबारापर्यंत पोचून चौकात थोडे मागे, कारंज्याच्या बाजूला जागा धरावी. रविवारी चर्चमध्ये सकाळी प्रार्थना असते, तेव्हा आतला भाग दुपारनंतर ठेवावा.

किल्ल्यावर सगळ्यांत लक्षात राहते ती विहीर. खडकात सुमारे ५० मीटर खोल खणलेली. गाइड वरून पाणी ओततो आणि ते तळाशी आपटल्याचा आवाज काही सेकंदांनी वर येतो. उतरताना ड्यूररचे घर लागते. चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर इथे १५०९ ते १५२८ राहिला. हे घर आणि पलीकडची चर्मकारांची गल्ली, वाइसगेर्बरगासं, हीच खरी जुनी. २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुने शहर जवळजवळ संपले. पुन्हा बांधताना रस्त्यांच्या जुन्या रेषा आणि छपरांचा उतार राखला, घरांच्या हुबेहूब प्रतिकृती मात्र केल्या नाहीत. म्हणून अनेक भिंती नव्या दिसतात. ती फसवणूक नव्हे, तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

जेवायला ‘द्राय इम वेक्ला’: एका पावात तीन सॉसेज. एक साधारण २०-२५ ग्रॅमचे, ७ ते ९ सेंटिमीटर लांब.

दुपारी शहराची दुसरी बाजू. पवित्र रोमन साम्राज्याची राजचिन्हे १४२४ पासून १७९६ पर्यंत इथे होती, आणि हाच वारसा आपला म्हणून मिरवायला नाझींनी १९३३ ते १९३८ दरवर्षी इथे पक्षमेळावे भरवले. १९३८ मध्ये ती राजचिन्हे व्हिएन्नाहून परत इथे आणली गेली. १९४५ मध्ये नाझी नेत्यांवरच्या खटल्यासाठी हे शहर निवडले गेले त्याला प्रतीकाइतकेच व्यवहारी कारण होते: न्यायमहाल बऱ्यापैकी शाबूत होता, मोठा होता आणि तुरुंग त्याला लागूनच. हा खटला जिथे चालला त्या कक्ष क्रमांक ६०० साठी यू-१ मेट्रोने बेरेनशान्त्सं स्थानकावर उतरावे. मंगळवारी तिथले स्मारक बंद असते. मेळाव्यांचे मैदान शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे, त्यामुळे एका दुपारात दोन्हींतले एकच निवडावे.