साताऱ्याची वटवाघळे ऐकायची कशी?

दिवेलागणीनंतर साताऱ्याच्या मंगळवार तळ्यावर एखादे छोटे वटवाघूळ घिरट्या घालताना दिसले, तरी ते कोणत्या जातीचे हे डोळ्यांना ओळखता येत नाही. अंगठ्याएवढे शरीर, वेड्यावाकड्या गिरक्या आणि संपत आलेला उजेड. जातीचा माग लागतो तो आवाजावरून.

कीटक खाणारी वटवाघळे उडताना सतत हाका देतात आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून वाट नि भक्ष्य शोधतात. बहुतेक हाका २० किलोहर्ट्झच्या वरच्या, म्हणजे आपल्या कानापलीकडच्या. हार्वर्डमध्ये १९३८ साली डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज पियर्स यांच्या यंत्रासमोर वटवाघळे नेली, तेव्हा त्या यंत्राने या हाका टिपल्या. आज तेच काम मुठीत मावणारा रेकॉर्डर रात्रभर करतो. साधा मोबाइल इथे चालत नाही. १०० किलोहर्ट्झचा आवाज टिपायला सेकंदाला दोन लाखांहून अधिक नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापे, लागतात. फोन साधारण ४८ हजार घेतो.

संगणकावर हाकेचा आलेख, म्हणजे तिची पट्टी क्षणाक्षणाला कशी बदलते याचे चित्र, काढला की कितीतरी गोष्टी उलगडतात. भक्ष्य शोधताना हाका सुट्या सुट्या असतात, सेकंदाला साधारण दहा. किडा टप्प्यात आला की त्या दाटतात आणि शेवटच्या क्षणी दीडशे-दोनशेपर्यंत जातात. म्हणजे वटवाघूळ नुसते गेले की तिथे शिकार करत होते, हेही कळते. तळ्याकाठची झाडी राखायची की नाही हे ठरवताना मला ही माहिती फार मोलाची वाटते.

जात ओळखणे मात्र चिकाटीचे काम. ब्रिटनमध्ये एकाच जातीचे समजले जाणारे पिपिस्ट्रेल नावाचे छोटे वटवाघूळ १९९० च्या दशकात दोन जातींचे निघाले. काहींची हाक ४५ किलोहर्ट्झच्या आसपास, काहींची ५५ च्या. पुढे डीएनएनेही दुजोरा दिला. पण एकच वटवाघूळ मोकळ्या नदीपात्रावर लांब, सपाट हाक देते आणि वाड्यांच्या बोळात आखूड, उतरती. माहुलीच्या संगमावरचा आलेख शुक्रवार पेठेतल्या आलेखाशी जुळला नाही, म्हणून जात वेगळी ठरत नाही.

संख्येचेही तसेच. शंभर नोंदी म्हणजे शंभर वटवाघळे नव्हेत; एकच वटवाघूळ दिव्याभोवती शंभर फेऱ्या मारू शकते. शिवाय उंच पट्टीचा आवाज हवेत लवकर विरतो. शंभर किलोहर्ट्झच्या वर बोलणारी पर्णनासिका (नाकावर पानासारखी घडी असलेली) वटवाघळे चार-पाच पावलांवरून गेली तरच नीट सापडतात. झाडावर लटकणारी मोठी फळखाऊ वटवाघळे तर अशा हाका देतच नाहीत. ती संध्याकाळी उडताना डोळ्यांनीच मोजावी लागतात.

म्हणून आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. तीच जागा, तीच वेळ, तेच यंत्र, दर महिन्याला. पोवई नाक्याचा झगमगाट आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचा अंधार शेजारी ठेवून ऐकले, तर प्रकाशाचा परिणाम दिसू लागेल. काही जाती दिव्याखालच्या किड्यांवर ताव मारतात, तर संथ उडणाऱ्या अनेक जाती उजेड टाळतात.

या सगळ्याआधी एक काम हवे: इथल्याच ओळखीच्या वटवाघळांच्या आवाजांचा संग्रह. जुन्या वाड्यातली किंवा देवळातली वसाहत जाणकाराने आधी जातीनिशी ओळखायची आणि मग ती संध्याकाळी बाहेर पडताना, तिला न छेडता, हाका टिपायच्या. वाडा पाडायला काढण्याआधी हे झाले, तर पुढच्या प्रत्येक आलेखाला ताडून पाहायला स्थानिक नमुना मिळेल.