साठेखतानंतर खरेदीखत टाळले जात असल्यास: करारपूर्तीच्या दाव्याची पात्रता, मुदत आणि कागदपत्रे

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 54 नुसार केवळ साठेखताने, म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याच्या कराराने, जमिनीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. लिहून घेणाऱ्याला (खरेदीदाराला) ठरलेल्या अटींवर खरेदीखत करून मागता येते आणि लिहून देणारा (विकणारा) टाळाटाळ करीत असल्यास विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 खाली दिवाणी न्यायालयात करारपूर्तीचा दावा लावावा लागतो.

दावा करारातील पक्षकाराला, त्याच्या पश्चात वारसांना लावता येतो. दरम्यान जमीन तिसऱ्याने घेतली असल्यास त्यालाही प्रतिवादी करावे. मात्र त्याने सद्भावनेने, मोबदला देऊन आणि मूळ कराराची माहिती नसताना ती घेतल्याचे सिद्ध केले, तर त्याच्याविरुद्ध करारपूर्ती मिळत नाही. साठेखत नोंदणीकृत असेल तर त्याला अशी सबब सांगणे फार कठीण जाते. शेतजमिनीच्या बाबतीत आपण शेतकरी आहोत का आणि जमीन भोगवटादार वर्ग 2 ची (हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली) आहे का, हे आधीच पाहावे, कारण पूर्वपरवानगीची अट न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेही टळत नाही.

असे दावे बहुतेक वेळा अडतात ते विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 16(क) वर. करार झाल्यापासून आपण आपला भाग पार पाडण्यास सतत तयार आणि राजी होतो, हे वादीला सिद्ध करावे लागते. शिल्लक रक्कम न्यायालयाने सांगितल्याशिवाय जमा करावी लागत नाही, पण ती देण्याची ऐपत होती हे दिसले पाहिजे. ‘पैसे तयार होते’ हे उलटतपासणीत तोंडी सांगून भागत नाही. त्या काळातील बँक खातेउतारा, कर्जमंजुरीचे पत्र किंवा मुदतठेवीची पावती दाखवता आली पाहिजे. याच अधिनियमातील 2018 च्या दुरुस्तीने करारपूर्ती नाकारण्याचा न्यायालयाचा स्वेच्छाधिकार काढून घेतला, तरी ही जबाबदारी कायम आहे.

मुदत तीन वर्षांची आहे. साठेखतात ‘10 जुलै 2023 पर्यंत खरेदीखत करून देईन’ असे लिहिले असेल, तर दावा 10 जुलै 2026 पर्यंत दाखल झाला पाहिजे; तारीखच ठरलेली नसेल, तर नकार कळल्यापासून तीन वर्षे धरतात. वकिलामार्फत नोटीस जरूर पाठवावी, परंतु नोटिसा पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही.

दाव्यासोबत मूळ साठेखत, इसाराच्या व पुढील रकमांच्या पावत्या, सातबारा, 8अ (खातेउतारा), फेरफार, नोटीस आणि तिची पोच जोडावी. दाव्यातील मिळकतीचा गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा करारातल्याशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. करार नोंदणीकृत नसला तरी कराराचा पुरावा म्हणून तो या दाव्यात वाचता येतो. मुद्रांक अपुरा असेल तर मात्र फरक व दंड भरल्याशिवाय तो पुराव्यात घेतला जात नाही.

दावा जमीन जेथे आहे तेथील न्यायालयात लावावा. कोर्ट फी शिल्लक रकमेवर नव्हे, तर करारातील एकूण मोबदल्यावर आकारली जाते. खरेदीखताबरोबरच ताब्याची, आणि करारपूर्ती नाकारली गेल्यास इसार परत मिळण्याची मागणी स्पष्ट लिहावी. इसाराची मागणी केलेली नसेल तर न्यायालय तो परत देऊ शकत नाही. जमीन इतरांना विकू नये म्हणून तात्पुरत्या मनाईचा अर्ज त्याच दिवशी द्यावा. महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट आवश्यक आहे आणि ती नेमकी राहून जाते: राज्य दुरुस्तीमुळे, दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवल्याखेरीज मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 52 चे, म्हणजे दावा चालू असताना झालेल्या विक्रीपासूनचे, संरक्षण मिळत नाही.

हुकूमनामा झाल्यावर शिल्लक रक्कम दिलेल्या मुदतीत भरावी. ती न भरल्यास प्रतिवादी विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 28 खाली करार रद्द करून मागू शकतो. रक्कम भरूनही प्रतिवादी सहीला आला नाही, तर दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करावी. खरेदीखताचा मसुदा मंजूर झाल्यावर प्रतिवादीच्या वतीने न्यायालय किंवा न्यायालयाने नेमलेला अधिकारी दस्तावर सही करतो.